विद्यार्थ्यांच्या भाड्यावर फ्लॅट घेताना

पेण आणि रोह्यात कॉलेजं आहेत. रोह्याच्या कॉलेजला तर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचं नाव आहे. पण वर्गातलं प्रत्येक मूल भाडेकरू नसतं. आसपासच्या गावांतली मुलं एसटीने किंवा दिवा–रोहा गाडीने येतात आणि संध्याकाळी घरी परततात.

मग फ्लॅटचा हप्ता कोण भरणार?

मे महिन्यात खोल्या रिकाम्या होतात, सोसायटीचा मेंटेनन्स थांबत नाही. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली, मुलं गावी गेली. कर्जावरचं व्याज मात्र चढतच राहिलं.

बुकिंगआधी महारेराचा नोंदणी क्रमांक पाहायलाच हवा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाडेकरारही तोंडी चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याच्या नोंदणीची जबाबदारी घरमालकावरच टाकली आहे.