सर्वांत मागची सायकल

(हीरकमहोत्सवी मेळाव्यात माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



करोल बागेत वाढलेल्या मुलाला सायकल शोधायला लांब जावे लागत नाही. झंडेवालानचा सायकलबाजार शेजारीच. माझी पहिली सायकल तिथलीच. पुढे तिने मला दूरदूर नेले. आज मात्र मी अपुऱ्या राहिलेल्या एका प्रवासाविषयी बोलणार आहे.

मे महिन्यात आम्ही अकरा जण पहाटे चारला आग्र्याकडे निघालो. म्होरक्या मी. पलवल मागे पडले तेव्हा ऊन चढले होते. पण वारा लागत होता, अंग कोरडे होते. फसगत तिथेच झाली. इकडच्या कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच सुकतो; किती पाणी आणि मीठ गेले, ते कळतच नाही. हवा त्वचेहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून, अधिक तापली की वारा स्वतः अंग निववीत नाही, उलट तापवतो. आधार उरतो तो घाम सुकण्याचाच.

पुढचा वारा कापतो, मागच्यांचे श्रम वाचतात. म्हणून आळीपाळीने पुढे यायचे, हा नियम आम्ही पाळत होतो. मागे कोण राहिले, हे पाहण्याचा नियम नव्हता. होडलजवळ मी मोजले, तर दहाच. अकरावा बराच मागे एका कडुलिंबाखाली सापडला. त्याने मला माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. उष्माघातात भान हरपू लागते. आपण आजारी आहोत हे त्या माणसाला उमगत नाही, सोबत्यांनाच ओळखावे लागते. शेतातल्या ट्यूबवेलच्या पाण्याने आम्ही त्याला भिजवले, वारा घातला, एका टेम्पोवाल्याने रुग्णालयात पोहोचवले. तो वाचला. त्याच्या आईला फोन मी केला. काय बोललो, ते मला सांगवत नाही.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. वाटेत वाळवंटही लागते. आपण नावे त्या दोघांचीच घेतो. पण तिथे पाणी-अन्न घेऊन मोटारीतून सोबत चालणाऱ्या चमूवाचून स्पर्धकाला उतरताच येत नाही. हे मला होडलनंतर नीट कळले.

हल्ली मी सर्वांत मागे चालवतो. थोड्याथोड्या वेळाने मीठ-साखरेचे पाणी, दहाच्या आत सावली. तरुणांना हे जाचक वाटते, वाटू दे.

येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत, पहाटे तीनला. तो मित्रही येतो आहे. त्याची एकच अट आहे: सर्वांत मागची जागा त्याची.