परक्या वर्गात उभे राहताना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी एका कुटुंबातील कन्या यंदा शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडात जात आहे. तेथील एका शाळेत तिला काही महिने प्रत्यक्ष वर्गावर शिकवावे लागेल. आमच्या वेळी ट्रेनिंगला ज्यास सराव पाठ म्हणत, तेच हे. तिच्या सत्कारानिमित्त आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही पडलो मॅट्रिक व ट्रेंड प्राथमिक शिक्षक. विलायत आम्ही पाहिलेली नाही. परंतु परक्या वर्गापुढे नवखे म्हणून उभे राहणे म्हणजे काय, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. त्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही.

इ. स. १९८० मध्ये आमची पहिली नेमणूक आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील एका वाडीवर झाली. आम्ही ओतूरकडचे, बाजरी-कांद्याच्या मुलखातले. वाडी महादेव कोळ्यांची; भात, नाचणी, वरई आणि रानातला हिरडा यांवर जगणारी. ट्रेनिंगमध्ये सुवाच्य अक्षरात काढलेली पाठटाचणे आम्ही बरोबर नेली होती. त्यांत आमचे प्रश्न लिहिलेले होते आणि मुलांनी द्यावयाची उत्तरेही लिहिलेली होती! प्रत्यक्षात आम्ही प्रश्न विचारावा आणि सर्व वर्गाने खाली मान घालून बसावे, असे सुरू झाले. मुले मंद आहेत, असा निष्कर्ष आम्ही आठ दिवसांत काढून मोकळे झालो. वस्तुतः त्यांचे निम्मे शब्द आम्हांस कळत नव्हते. पण गुरुजींनी ‘मला समजले नाही’ असे म्हणावयाचे, तर मग गुरुजी कसले, ही आमची त्या वेळची समजूत.

आषाढात अर्धा वर्ग येईनासा झाला. चौथीतील एक मुलगा बारा दिवसांनी परत आला, तेव्हा आम्ही त्यास आळशी म्हणून सर्वांदेखत दाराबाहेर उभे केले. वर पाऊस कोसळत होता. तो मुलगा शाळेत पुन्हा आला नाही.

ज्यांच्या पडवीत आम्ही राहत होतो, त्या घरच्या आजींनी रात्री विचारले, “गुरुजी, आवणी चाललीया. पोरगं खाचरात नसंल, तर रोपं कोन पुरवंल?” आम्ही गप्पच. मग त्या म्हणाल्या, “तुमाला ठाव नाय, तर इचारावं की. आमी काय हसनार हाय व्हय?” भाताची लावणी म्हणजे आवणी, एवढी साधी गोष्ट विचारण्याची आम्हांस लाज वाटली आणि तिची किंमत त्या पोराने मोजली. पुढे आम्ही त्याच्या घरी दोनदा गेलो. बाप नम्रपणे बोलला, परंतु मुलगा आला नाही.

त्यानंतर मात्र आम्ही विचारू लागलो. राब कशासाठी भाजतात, इरले कसे विणतात, हे मुलांनी आम्हांस शिकविले. गुरुजींस काहीतरी येत नाही, हे कळताच वर्गाला कंठ फुटला. हिरड्याचे वजन आणि भाव हेच मग आमचे त्रैराशिक झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालविल्या होत्या, हे आम्ही फार उशिरा वाचले. आधी वाचले असते, तर दार लावण्याऐवजी आम्हीच खाचराच्या बांधावर गेलो असतो.

विलायतेतील उदाहरण हवे असेल, तर पंडिता रमाबाईंचे घ्यावे. त्यांच्या धर्मांतरावरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. तो आजचा विषय नव्हे. १८८३ साली त्या लहान मुलीस घेऊन इंग्लंडात गेल्या. वैद्यक शिकण्याचा मानस होता, पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. डोरोथिया बील तेथील मुख्याध्यापिका होत्या. तेथे बाई संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, विज्ञान व इंग्रजी वाङ्मय शिकत. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, तिने परक्या भाषेत, कमी ऐकू येत असता, विद्यार्थिनींच्या बाकावर बसावे, यातील अवघडलेपण आपण मनात आणून पाहावे. तथापि नवखेपण म्हणजे मुकाट्याने मान डोलावणे, असे त्यांनी मानले नाही. त्यांनी तरुण पुरुषांस शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले, तेव्हा बाईंनी पत्रे लिहून त्याचा स्पष्ट प्रतिवाद केला. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे पुन्हा विद्यार्थिनी होऊन बालोद्यान पद्धती शिकल्या. १८८९ साली मुंबईस शारदासदन निघाले, तेव्हा हे सारे शिकणे त्यांच्या गाठीशी होते.

तेव्हा, मुली, तुझे इंग्रजी चांगले असले तरी तेथील पोरांचे बोलणे पहिल्या दिवशी तुला कळणार नाही, आणि तुझे उच्चार ऐकून ती हसतीलही. मागे कोणी अनुभवी बाई टिपणे घेत बसलेल्या असतील. त्या वेळी कळल्यासारखे करू नकोस. “पुन्हा सांग,” असे त्या मुलालाच म्हण. दोनदा म्हणावे लागले तरी म्हण. आणि एखादे मूल गप्प बसले किंवा गैरहजर राहिले, तर वहीत शेरा लिहिण्यापूर्वी कारण विचार. एकटी मुलगी इतक्या दूर जाते म्हणून ज्या वडीलधाऱ्यांस चिंता वाटते, त्यांची चिंता आम्ही समजू शकतो. पण त्यांनी दर पत्रात ‘सगळे नीट आहे ना’ एवढेच विचारू नये. आज काय अडले, हेही विचारावे, म्हणजे तिला ते घरी लिहिण्याची लाज वाटणार नाही.

तिने तेथील वर्गाची हकीकत पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी अवश्य लिहून पाठवावी, अशी आमची विनंती आहे.