मनाचे दुखणे आणि एलिससाहेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "लोणच्यावर बोलते." त्या म्हणाल्या, "लोणचे गेल्या वर्षी झाले. तुम्ही ते मनाच्या डॉक्टरचे पुस्तक वाचता ना, त्यावर बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मला जे उमगले तेवढेच सांगते.

पुस्तक अंजली जोशी यांचे, 'मी अल्बर्ट एलिस'. दुपारी भांडी आवरल्यावर रोज चार पाने, असे करत संपवले. मग एलिससाहेबांविषयी आणखी मिळेल ते वाचत गेले.

त्यांचा जन्म १९१३ साली अमेरिकेत पिट्सबर्गला झाला; वाढले न्यूयॉर्कला. वडील फिरतीवर, आईचे घराकडे लक्ष बेताचे. पाचव्या वर्षी मूत्रपिंडाचे दुखणे लागले आणि पोर महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून राहिले. दुसऱ्या मुलांकडे माणसे येत, याच्याकडे क्वचितच कोणी. घरी धाकटा भाऊ आणि बहीण. तर या मुलाने स्वतःच्या पैशाने गजराचे घड्याळ घेतले आणि सकाळी उठून भावंडांची तयारी करून द्यायला लागला. हे वाचले तेव्हा मला वाटले, या माणसाचे पुढचे बोलणे ऐकायला हरकत नाही.

तरुणपणी ते फार लाजाळू होते. बायकांशी बोलायचे म्हटले की जीभ टाळ्याला चिकटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवले, जवळच्या मोठ्या बागेत बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचेच. एका महिन्यात १३० जणींजवळ जाऊन बसले. ३० उठून गेल्या, १०० जणी बोलल्या. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले, आणि तीही आली नाही! (आपल्या बागेत कोणी असे केले असते तर मी आधी पायातली चप्पल चाचपली असती, ही गोष्ट वेगळी.) पण कोणी मारले नाही, पोलीस बोलावला नाही, आणि भीती मात्र गेली. हे त्यांनी जन्मभर लक्षात ठेवले.

कॉलेजात ते व्यापाराचे शिक्षण घेऊन १९३४ साली पदवीधर झाले. कादंबऱ्या लिहिल्या, त्या कोणी छापल्या नाहीत. मग मनाच्या अभ्यासाकडे वळले आणि १९४७ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. म्हणजे हे औषधे देणारे डॉक्टर नव्हेत, बोलून उपचार करणारे. पुढे मनोविश्लेषण शिकले. त्यात रोग्याला कोचावर निजवून वर्षानुवर्षे लहानपणच्या आठवणी उकरायच्या. एलिससाहेबांना दिसले की आठवणी निघतात पण माणूस सुधारतोच असे नाही. तेव्हा ती वाट सोडून १९५५ साली त्यांनी आपली पद्धत सुरू केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात.

ती काय आहे ते आपल्या घरच्या गोष्टीने सांगते. समजा, सत्यनारायणाची पूजा आहे. शिऱ्यात साखर कमी पडली आणि सासूबाई चारचौघांत बोलल्या. थोरली सून म्हणते, "हो, कमीच झाली," आणि कामाला लागते. धाकटी दोन दिवस जेवत नाही. घटना एकच, परिणाम दोन. एलिससाहेब म्हणत, मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे त्या घटनेबद्दल आपण मनात काय बोललो. थोरली म्हणाली, "चांगले म्हटले असते तर बरे वाटले असते." धाकटी म्हणाली, "मला चांगले म्हटलेच पाहिजे. नाही म्हटले, म्हणजे मी टाकाऊच."

सगळे विष त्या 'च'मध्ये आहे. मुलाने पहिले यावे, ही इच्छा झाली. आलाच पाहिजे, म्हटले की झोप गेली. एलिससाहेब समोरच्या माणसाचा हा 'च' पकडत आणि उलटतपासणी घेत. कोठे लिहिले आहे? पुरावा काय? बोलणे मोठे फटकळ, तोंडात शिव्याही असत. ते मला आवडले नाही, पण जवळचे मानून बोलत असावेत. घरी करायला गृहपाठ देत. लोक काय म्हणतील या भीतीने गांजलेल्यांना सांगत, केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखे रस्त्यातून फिरवून आण!

आता मुद्द्याचे. गेल्या महिन्यात हे मी पाच-सहा जणींना सांगत होते. त्यांतली एक शांतपणे म्हणाली, "मला घरी मार बसतो. मग मीही माझा विचारच बदलू का?" सगळ्या गप्प झाल्या. त्या प्रश्नासाठी मी पुस्तक पुन्हा उघडले. एलिससाहेबांनी असे कोठेच म्हटलेले नाही. वाईट ते वाईटच. दुःख होणे, चीड येणे हे निरोगी मनाचे लक्षण, असे ते मानत. त्यांचा रोख त्यापुढच्या विचारावर आहे. "मी याच लायकीची, माझ्याने काही होणार नाही," हा तो विचार. तो सुटला तरच पाय घराबाहेर पडतो. मारणाऱ्याचा दोष बाईच्या विचारावर ढकलणारा कोणी सल्लागार भेटला, तर त्याची फी द्या आणि पुन्हा त्याचे तोंड पाहू नका. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आपल्यासाठीच आहे. त्या भगिनीबरोबर आता आम्ही दोघी जातो आहोत. याहून जास्त सांगत नाही.

आपल्याकडे मुंबईचे किशोर फडके यांनी एलिससाहेबांशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धत रुजवली. ठाण्यात १९९० साली संस्था काढणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठीतून घरोघर नेली. एलिससाहेब २००७ साली वारले, नव्वदी ओलांडून.

सल्लागाराकडे जाताना त्याचे शिक्षण विचारायला लाजू नका. शिंप्याकडे ब्लाउज टाकताना आपण दहा प्रश्न विचारतो. मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस.च्या पुढे शिकलेले असतात. गोळ्या तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती पाहावी. झोप-जेवण तुटले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर पुस्तक वाचत बसू नये, लगेच तज्ज्ञ गाठावा. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. रात्रंदिवस, फुकट, मराठीतही बोलतात. क्रमांक १४४१६. बायकांच्या मदतीसाठी १८१. दोन्ही क्रमांक मी दाराशेजारच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. ज्यांना चारचौघींत उतरवून घ्यायचे नसतील त्यांच्यासाठी चिठ्ठ्याही करून ठेवल्या आहेत, हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी.