गाडीतला गॅस जातो कुठे?

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला उन्हाळ्यातील उपयुक्त माहितीवर दहा मिनिटे बोलायला सांगितले, तेव्हा पुष्कळजणींना वाटले असेल की मी पन्ह्याचे नाहीतर कुरडयांचे प्रमाण सांगेन. पण ते तुम्हां सर्वांना माझ्याहून चांगले येते. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. यंत्राचे पुस्तक कधी उघडलेले नाही. आज जे सांगणार आहे ते गॅरेजात स्टुलावर बसून, डोळ्यांनी पाहून आणि मिस्त्रींना विचारून घेतलेले आहे. विषय आहे जुन्या गाडीतला बिघडलेला एसी.

आमच्याकडे 2008 सालची लहान गाडी आहे, जुनीच घेतलेली. माझ्या सासूबाईंचे आठवड्यातून दोनदा डायालिसिस असते. आपल्या अकोल्याचा वैशाख कसा असतो ते तुम्हांला सांगायला नको. पारा 45 अंशांपर्यंत चढतो. डायालिसिस झाले की रक्तदाब उतरतो, अंगात त्राण राहत नाही, आणि पाणी मोजूनच प्यायचे असते. तहान लागली म्हणून तांब्या पुढे करता येत नाही. अशा माणसाला दुपारी दोन वाजता तापलेल्या पत्र्यात बसवून घरी आणायचे! शेजारच्या काही मंडळींनी “गाडीत एसी कशाला हवा, आम्ही नाही का बैलगाडीतून गेलो?” असे विचारलेही. त्यांच्याशी मी वाद घालीत नाही.

तीन उन्हाळे आमचा एसी मार्चमध्ये कोमट होई. गॅरेजवाला म्हणे, “गॅस संपला,” आणि दीड-दोन हजार घेऊन भरून देई. पाऊस लागेपर्यंत पुन्हा तेच. चौथ्या वर्षी त्याने सांगितले, कॉम्प्रेसरच गेला, सोळा हजार लागतील. मी ह्यांना म्हटले, “पैसे देण्याआधी त्याला एवढेच विचारा, दरवर्षी भरलेला गॅस जातो कुठे?” त्यावर तो हसून म्हणाला, “वहिनी, जुनी गाडी गॅस पितेच.”

मला हे काही पटले नाही. बरणीतले तूप वाढून वाढून संपते, शेगडीचा गॅस जळून संपतो. पण गाडीतला हा गॅस जळत नाही, मग तो संपेल कसा? आम्ही जुन्या बाजारातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो, आणि त्यांनी जे समजावले ते मला माठावरून चटकन उमगले. माठ पाझरतो, आणि ते पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. गाडीत पाण्याऐवजी गॅस असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. पुढे रेडिएटरसमोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो. मग डॅशबोर्डामागे बारीक छिद्रातून सुटून त्याची वाफ होते आणि तो आतली उष्णता ओढून घेतो. तेथून पुन्हा कॉम्प्रेसरकडे. माठातले पाणी उडून जाते, हा मात्र बंद नळ्यांत तोच तोच फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरे. पण एका उन्हाळ्यात सगळा गेला तर कोठेतरी गळती आहेच. सायकलच्या ट्यूबला भोक असताना कोणी रोज नुसती हवा भरीत बसते का?

मिस्त्रींनी प्रथम बॅटरी घेऊन नळ्यांचे सांधे पाहिले. कंडेन्सरच्या एका सांध्यावर काळा चिकट डाग होता. गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते. गॅस जेथून निसटतो तेथे तेल येते आणि त्यावर धूळ बसते. मग त्यांनी नळ्यांत दाबाने नायट्रोजन सोडला आणि ब्रशाने साबणाचा फेस लावला. त्याच सांध्यावर बुडबुडे उठू लागले. आतली रबरी कडी, तिला ओ-रिंग म्हणतात, उन्हाने कडक होऊन चिरली होती. कुकरची रिंग जशी कडक होते तशीच!

आणि कॉम्प्रेसर? तो ठणठणीत होता. गॅस फार कमी झाला की एक स्विच त्याला चालूच होऊ देत नाही, कोरडा फिरून त्याची नासाडी होऊ नये म्हणून. न चालणाऱ्या कॉम्प्रेसरला मेलेला ठरविण्याआधी हे पाहायला हवे होते. फ्यूज आणि रिलेही पाहावा. त्यांची किंमत फार नसते.

रिंगा बदलल्या, आतली ओल शोषणारा ड्रायर बदलला. मग पंप लावून अर्धा तास आतली हवा ओढून काढली आणि काटा जागेवर राहतो का ते पाहिले. याला व्हॅक्यूम म्हणतात, आणि घाईत नेमके हेच टाळले जाते. आत ओल राहिली तर ती बारीक छिद्रात गोठते आणि आतला धातू खाते. गॅस तराजूवर वजन करून भरला. गाडीला किती ग्रॅम लागतो ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. जास्त भरला तरी गाडी नीट थंड होत नाही. सगळे मिळून तीन हजार दोनशे रुपये झाले. त्याला दोन उन्हाळे झाले, पुन्हा गॅस भरलेला नाही.

गॅसची जातही विचारून घ्यावी. आमच्या गाडीत आर-134ए आहे. फार जुन्या, 1990 च्या आसपासच्या गाड्यांत आर-12 असे. त्याने ओझोनचा थर झिजतो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो बंद होत गेला. आर-134ए ओझोनला धक्का लावीत नाही, पण एक किलो हवेत गेला तर हजार किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. म्हणजे गळक्या गाडीत दरवर्षी भरलेला गॅस आपल्याच डोक्यावर ऊन वाढवीत होता म्हणा ना.

आता घरच्या घरी पाहण्याजोग्या गोष्टी सांगते. हवा मुळातच कमी येत असेल तर आधी डॅशबोर्डामागची गाळणी काढून पाहा; आमच्या एका मैत्रिणीच्या गाळणीत कडुनिंबाचा पाला निघाला. पंखा फक्त शेवटच्या वेगावरच चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. धावताना थंड आणि सिग्नलला उभे राहिल्यावर गरम, असे झाले तर पुढचा पंखा फिरतो का ते बघा, आणि जाळीतला चिखल हलक्या पाण्याने धुवा. गाडीखाली पाणी ठिबकले तर घाबरू नये, ते हवेतलेच पाणी. तेच पाणी पायाखालच्या मॅटवर आले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. नळ्यांचे सांधे मात्र स्वतः उघडू नका. निसटलेला गॅस डोळ्याला आणि कातडीला गोठवून इजा करतो. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत कोणी झोपू नये. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, तो जीव घेतो.

उन्हात उभी असलेली गाडी आधी दोन मिनिटे काचा खाली करून चालवावी, तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मगच आतली हवा आत फिरवण्याचे बटण दाबावे. आम्ही सासूबाईंना दवाखान्याच्या दारात आणण्याआधी हे करून ठेवतो.

वेळ झाली. आमची गाडी बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे. ज्यांना चिठ्ठी कोठे असते आणि सांध्यावरचा डाग कोठे शोधायचा ते पाहायचे असेल, त्यांनी पन्हे घेतल्यावर यावे. बॉनेट उघडून दाखवते.