आपत्तीपूर्वीची सज्जता : रुग्णालय आणि शल्यचिकित्सक
(व्याख्यानाचा मजकूर)



३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे नुकतीच निद्राधीन झाली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराची धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले, हजारो जखमी झाले.

त्या पहाटेची आठवण निघाली की मराठवाडा आजही हळहळतो. परंतु हळहळीने रुग्णालय सज्ज होत नाही. परभणीकरांनाही हा विषय दूरचा नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. ते परभणीतही जाणवले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तसेच घडले. भूकंप बाजूला ठेवला तरी गोदाकाठचा पूर, रेल्वे, यात्रेतील गर्दी, वऱ्हाडाच्या वाहनाचा अपघात, ही संकटे जिल्ह्याच्या परिचयाचीच आहेत.

अशा प्रसंगी रुग्णवाहिकेची वाट कोणी पाहत नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, तेव्हा नागरिकांनीच चादरींच्या झोळ्या करून मिळेल त्या वाहनाने जखमींना रुग्णालयात नेले. ग्रामीण भागात हेच काम जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर करतात. बहुधा चालू शकणारे, किरकोळ जखमी आधी पोहोचतात आणि खाटा अडवतात. ढिगाऱ्याखालून काढलेले अत्यवस्थ मागाहून येतात. जवळचे रुग्णालय तोवर भरून गेलेले असते.

म्हणून पहिले कार्य वर्गवारीचे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरे याने हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून उपचारांचा क्रम लावला. आज लाल, पिवळी, हिरवी आणि काळी अशा चार खुणा वापरतात. हे काम नवशिक्याकडे सोपवणे ही मोठी चूक होय. अनुभवी शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियागृहात न शिरता प्रवेशद्वारी उभे राहावे. तेथे त्याला सर्वांत कठीण निर्णय घ्यावा लागतो: ज्याच्या वाचण्याची आशा नाही त्याच्यापासून पुढे सरकून, जो वाचू शकतो त्याच्याकडे जावे लागते. एकट्या रुग्णासाठी सर्वस्व पणाला लावण्याची शिकवण मिळालेल्या वैद्याला हे जिवावर येते. तो निर्णय ऐन वेळी सुचत नाही. त्याचा विचार आधीच व्हावा लागतो.

दुसरे कार्य संयमाचे. प्रथम शस्त्रक्रिया अल्पकाळाची असावी: रक्तस्राव थांबवावा, दूषितता आवरावी, पुढचे नंतर करावे. मातीने माखलेली जखम लगेच शिवू नये; स्वच्छ करून उघडी ठेवावी आणि धनुर्वाताची लस द्यावी. बराच वेळ ढिगाऱ्याखाली दबलेला अवयव मोकळा होताच स्नायूंतील विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात. मूत्रपिंड निकामी होते, क्वचित हृदयही थांबते. म्हणून शक्य तेथे बाहेर काढण्यापूर्वीच शिरेतून सलाईन सुरू करावे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. साधने वाढली, मात्र कपाटातील आराखड्याने रुग्ण वाचत नाही. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा येथील रुग्णालयांनी आणि खासगी शल्यचिकित्सकांनी वर्षातून दोनदा एकत्र रंगीत तालीम करावी, त्यातली एक रात्री. कोणाला कोण फोन करील, जनरेटर कोण सुरू करील, बेशुद्ध रुग्णाच्या मनगटावर क्रमांक कोण बांधील, हे नावानिशी ठरलेले असावे.

समाजाचा वाटाही मोठा आहे. दानशूर संस्था रुग्णवाहिका देतात, ते स्तुत्यच. त्यासोबत रक्तदात्यांची रक्तगटवार अद्ययावत यादी, नातेवाइकांसाठी चौकशीकक्ष आणि दारातील गर्दी आवरणारे स्वयंसेवक दिले, तर शल्यचिकित्सकाचे हात मोकळे राहतील. दुर्घटनेच्या दिवशी रक्तपेढीसमोर सर्वांनीच रांग लावणे उपयोगाचे नाही. रक्त पुढेही अनेक दिवस लागते.

किल्लारीची पहाट कोणाला विचारून आली नव्हती. पुढचीही विचारून येणार नाही. तिच्या स्वागतास हळहळ नव्हे, सराव उभा असावा.