उद्याचे ओझे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतच. त्यातून आमचे घर ख्रिस्ती, म्हणून आपल्या देवाधर्माचे चारचौघींत कसे बोलावे, हाही संकोच होता. पण "चिंता या विषयावर तुम्हीच बोला" असा आपण आग्रह धरलात. चिंतेला जात नाही, धर्म नाही. ती सगळ्यांच्या घरी सारखीच येते. म्हणून उभी राहिले.

माझ्या घरी ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आली. मी सातवीत होते. गणपती बोळवून गाव नुकतेच निजले होते. चार वाजायच्या आत धरणी हलली आणि आमचे माळवदाचे घर दगडमातीसकट खाली आले. माझी धाकटी बहीण त्यात गेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत कोणाचे काय गेले, हे या सभेत मी सांगायला नको. सातवी कशीबशी पार पडली, पुढची शाळा राहिली. त्यानंतर कित्येक वर्षे मला छपराखाली झोप येत नसे. दाराला कडी घातली की भीती आत येऊन बसे.

आजी मला जवळ घेऊन पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला. 1882 साली पती गेले, तेव्हा पदरी तान्ही मुलगी होती. 1883 साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. 1889 साली मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा अमेरिकेतल्या स्नेह्यांनी दहा वर्षे मदतीचा शब्द दिला होता. ती मुदत 1898 साली संपली. आणि त्याच्या आदल्याच वर्षी दुष्काळातून तीनशेच्या आसपास मुलीबाळी त्यांनी आणलेल्या! पुणे जिल्ह्यातल्या केडगावला रोज एवढी पाने मांडायची आणि पैशाची खात्री कोणाची नाही. 1900 च्या दुष्काळात तर आणखी कितीतरी मुली आल्या.

बाईंनी काय केले? प्रार्थना केली, आणि विहिरी खणून घेतल्या. शेत पेरले, मुलींना विणकाम आणि छापखान्याचे काम शिकवले. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

लहानपणी मला वाटे, विश्वास असला म्हणजे चिंता येतच नाही. माझ्या मनात तर ती रोज येई, म्हणजे माझाच विश्वास खोटा. हा घोर चिंतेहून मोठा होता. तो गेला पुढे 2016 साली. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले, ते हे वर्ष. आमची विहीर आटली होती. पेरणी आधीच वाया गेलेली. आमचे मालक बोलेनासे झाले. रात्री अंगणात बसून राहत. एके रात्री माझे लक्ष कोपऱ्यातल्या फवारणीच्या औषधाच्या डब्याकडे गेले, आणि अंगाला कापरा सुटला.

मी गुडघे टेकले. मोठी प्रार्थना सुचेना. एवढेच म्हणाले, "प्रभू, उद्याचे तू बघ. आज काय करू, ते सांग." आकाशवाणी झाली नाही. पण उद्याचे ओझे खाली ठेवल्यावर हात मोकळे झाले. तो डबा पदराखाली घेऊन मी शेजारच्या काकूंच्या दारी गेले. काकू माळकरी. काहीएक न विचारता त्यांनी डबा कुलपात ठेवला, माझा हात धरला आणि आपल्या पांडुरंगाला हाक मारली. मी माझ्या प्रभूला मारली.

घरी येऊन मी मालकांना म्हणाले, "अहो, कर्ज किती आहे ते मला सांगा." लग्नाला इतकी वर्षे झाली, पण मी कधी विचारले नव्हते. ते रडले. मग आकडा सांगितला. मुलाच्या वहीत आम्ही तो लिहून काढला. आकडा मोठा होता. पण मनात होता तेव्हा त्याला तळ नव्हता, कागदावर आल्यावर तळ दिसला. पुढे याच मंडळाच्या बचत गटातून दोन शेळ्या घेतल्या. कर्ज एका वर्षात फिटले नाही. पण मालक रात्री झोपू लागले.

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात आकाशातल्या पाखरांचा दाखला दिला आहे. तो आपल्याइतका कोणाला कळणार? ज्वारी हुरड्यात आली की आपण गोफण घेऊन त्यांना हाकलतो, तरी दुसऱ्या दिवशी ती हजर! त्यांची कोठारे नाहीत, पण ती घरट्यात तोंड उघडून बसतही नाहीत. देव दाणा देतो, तो वेचायला उडावे लागते.

आणखी एक सांगते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असे झाले तर डॉक्टरांकडे जावे. देवावर विश्वास कमी म्हणून डॉक्टर, असे नसते. 14416 या सरकारी दूरध्वनीवर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

भगिनींनो, चिंता आजही माझ्या दारी येते. आता मी तिला एकटी भेटत नाही, एवढाच फरक. आधी देवाला सांगते, मग माणसाला सांगते आणि मग कामाला लागते. आपल्यापैकी कोणाच्या घरी आज रात्री कोणी अंगणात बसून राहिले असेल, तर सकाळची वाट पाहू नका. माझे दार वाजवा.

मंडळाला उदंड आयुष्य लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.