एल्कच्या शिकारीचा हिशेब



आपल्या देशांत १९७२ च्या वन्य प्राणी संरक्षणाच्या कायद्यानें शिकार बंद झाली, आणि तें योग्यच झालें. त्यामुळें अमेरिकेच्या पश्चिम भागांत दर सप्टेंबरमध्यें हजारों माणसें बंदूक घरीं ठेवून केवळ धनुष्यबाणानिशीं एल्क नांवाच्या हरणामागें डोंगर चढतात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. मला स्वतःला त्यांच्या नेमबाजीपेक्षां तिच्या अगोदरच्या सात-आठ महिन्यांच्या हिशेबाचें अधिक कौतुक वाटतें. बाण सुटावयास एक क्षण पुरतो. तो कोठें सोडावयाचा व कोठें सोडावयाचा नाहीं हें मात्र हिवाळ्यांतच नकाशावर ठरवावें लागतें. आणि तें ठरवितांना पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा कीं, मारलेलें जनावर तेथून आणावयाचें कसें?

एल्क हा आपल्या सांबराच्या कुळांतला, काश्मीरच्या हंगुलाचा तर अगदीं जवळचा आप्त. चांगल्या वाढीचा नर सुमारें ७०० पौंड भरतो. त्याचें वसतिस्थान पुष्कळ ठिकाणीं सरकारी जमिनीवर आहे. राष्ट्रीय अरण्यें आणि भूमि-व्यवस्थापन खात्याचीं रानें मिळून ही जमीन ४० कोटी एकरांच्या वर जाते, आणि तिच्यावर ओहायोंतील कारकुनाचा कोलोराडोंतील गुराख्याइतकाच हक्क आहे. परंतु तिच्यावर चरणाऱ्या प्राण्याचा कारभार त्या त्या संस्थानाकडे असतो. म्हणजे माणूस जमिनीपुरता घरचा आणि हरणापुरता परका! माँटाना संस्थानानें स्थानिक शिकाऱ्याकडून ३० डॉलर व परक्याकडून २२५ डॉलर घेण्यास आरंभ केला, तेव्हां हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ सालीं न्यायालयानें संस्थानाच्या बाजूनें कौल दिला. एल्कची शिकार ही करमणूक आहे, उपजीविका नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता.

म्हणून पहिलें काम परवान्याचें. सर्वांत अधिक एल्क कोलोराडोंत. तेथें परक्या तिरंदाजालाहि पुष्कळ विभागांचा परवाना दुकानांत विकत मिळत असे. २०२५ पासून पश्चिम भागांत तें बंद होऊन परक्यांकरितां सोडत सुरू झाली. वायोमिंगचा अर्ज तर फेब्रुवारीच्या आरंभींच करावा लागतो. शिवाय त्या संस्थानाचा एक चमत्कारिक नियम आहे. 'निबिड अरण्य' म्हणून केंद्र सरकारनें राखलेल्या भागांत परक्या शिकाऱ्यानें परवानाधारक वाटाड्या किंवा तेथील रहिवासी सोबतीस घेतल्यावांचून एल्कची शिकार करूं नये. त्याच रानांतून फिरावयास जाणाऱ्यास वाटाड्या लागत नाहीं! हा नियम शिकाऱ्याच्या सुरक्षिततेपेक्षां वाटाड्यांच्या धंद्यास अधिक पोषक आहे, असें मला वाटतें.

परवान्याच्या पाठोपाठ नकाशा. १८६२ पासून सरकारनें लोहमार्ग बांधणाऱ्या कंपन्यांना एक-एक मैलाचे चौकोन एकाआड एक दिले. त्यामुळें वायोमिंगचा कांहीं भाग बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. काळें घर खाजगी, पांढरें सरकारी. पांढऱ्या घरांतून दुसऱ्या पांढऱ्या घरांत जावयाचें तर फक्त कोपऱ्यावरूनच. २०२१ सालीं मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनीं खाजगी जमिनीला पाय न लावतां असा कोपरा ओलांडला, आणि जमीनमालकानें त्यांच्यावर दावा लावला. २०२५ च्या मार्चमध्यें दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयानें शिकाऱ्यांच्या बाजूनें निकाल दिला व त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. माँटाना मात्र त्या अपील न्यायालयाच्या कक्षेंत येत नाहीं. तेव्हां एका संस्थानांत चालतें तें दुसऱ्यांतहि चालेल असें धरून निघूं नये.

सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ. नर तुतारीसारखी लांब, चढत जाणारी हांक देतात, म्हणून त्यांचा ठाव लागतो. तशीच हांक देऊन त्यांना जवळहि आणतां येतें. जवळ म्हणजे चाळीस यार्डांच्या आंत. इतक्या जवळ गेल्यावर सारा खेळ वाऱ्याचा. सकाळीं थंड हवा उतारानें खालीं वाहते, ऊन चढलें कीं ती वर जाऊं लागते, आणि संध्याकाळीं पुन्हां खालीं वळते. म्हणून पहाटे खालून जावें, दुपारीं वरून उतरावें. एकदां माणसाचा वास लागला कीं सगळा कळप दुसऱ्या दरींत जातो. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्यानें मारीत नाहीं, रक्तस्रावानें मारतो. म्हणून तो लागल्यावर निदान अर्धा तास जागेवर बसून राहावें लागतें, व मग रक्ताचा माग काढावयाचा. घाई केली तर जखमी प्राणी उठून दूर जातो व कोठें तरी हाल होऊन मरतो.

आतां तो पहिला प्रश्न. हाडें काढलीं तरी मोठ्या नराचें मांस सुमारें २०० पौंड होतें. पन्नास पौंडांचें एक ओझें धरलें तर चार ओझीं. मोटार तीन मैलांवर उभी असेल तर एकट्या माणसानें चार वेळां भरल्या पाठीनें जावयाचें व तीन वेळां रिकाम्या पाठीनें परतावयाचें, एकूण एकवीस मैल. मोटार पांच मैलांवर असेल तर पस्तीस! आणि तेंहि नऊ-दहा हजार फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून साडेतीन ते साडेचार हजार फूट उंचीवर, जेथें सपाटीवरून आलेल्यास पहिले दोन दिवस नुसतें चालणेंहि जड जातें. सप्टेंबरच्या दुपारीं तेथें ऊन असतें आणि एल्कचें कातडें जाड. तें अंगावर राहिलें कीं मांस हाडाजवळून नासूं लागतें. म्हणून कातडें तत्काळ सोलून, मांस सुटें करून, तें पातळ कापडी पिशव्यांतून सावलींत टांगावें लागतें. खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें हा तेथें गुन्हा आहे.

एवढ्यासाठीं नकाशावर मोटारीच्या जागेभोंवतीं एक वर्तुळ काढावें. त्याची त्रिज्या शिकाऱ्याच्या पायांवर नव्हे, पाठीवर अवलंबून असावी. सोबती असेल तर तें थोडें वाढवावें. खेचरवाल्याशीं आगाऊ करार असेल, व सरकारी रानांत पैसे घेऊन काम करण्याचा परवाना त्याच्याजवळ असेल, तर बरेंच वाढवावें. पण वर्तुळाबाहेरच्या दरींत नर कितीहि सुंदर हांका देऊं लागला, तरी बाण भात्यांतून काढूं नये. या ठिकाणीं भल्याभल्यांचा धीर सुटतो.

परतीच्या हजार-बाराशें मैलांचाहि विचार करावयास हवा. हरणांचा मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग १९६७ सालीं कोलोराडोंत प्रथम आढळला, आणि तो आतां पुष्कळ संस्थानांत पसरला आहे. म्हणून मेंदू व पाठीचा कणा सीमेपार आणण्यास अनेक संस्थानांची बंदी आहे. वाटेंतील व घरच्या संस्थानाचे नियम अगोदर वाचावे, मांसाची तपासणी करवून घ्यावी, आणि शिंगें ठेवावयाचीं असतील तर कवटी आंतून पूर्ण स्वच्छ केल्यावरच निघावें. मोटारींत दोन-तीन मोठ्या शीतपेट्या घरूनच बर्फ भरून न्याव्या. डोंगराखालच्या लहान गांवांत शिकारीच्या हंगामांत बर्फ मिळेलच असें नाहीं.